घरी बांधलेली स्पोर्ट्स कार रस्त्यावर आणि ट्रॅकवर, दोन्हीकडे चालवायची असेल तर विमा कसा काढावा?

तुमचा प्रश्न असा: गॅरेजमध्ये स्वतः बांधलेल्या दोन सीटच्या गाडीची नोंदणी झाली आहे, एरवी ती रस्त्यावर चालवायची आहे आणि अधूनमधून ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी घेऊन रेस ट्रॅकवर चालवायला मिळते त्या दिवशी, न्यायची आहे, तर एकाच पॉलिसीत दोन्ही भागेल का? माझी गाडी लोटस सेव्हन या हलक्या, उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धाटणीची आहे, चासी मी स्वतः वेल्ड केलेली, आणि मीही ती दोन्हीकडे चालवतो. एका पॉलिसीत दोन्ही बसेल असं धरून चालू नका. रस्त्यासाठी रस्त्याची पॉलिसी घ्या. ट्रॅकवरच्या नुकसानीसाठी त्या दिवसापुरता वेगळा विमा घ्या, नाहीतर तो खर्च स्वतःच्या खिशातून करायची तयारी ठेवा. आणि या सगळ्याच्या आधी गाडीची फाईल तयार करा.

फाईलपासूनच सुरू करतो, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

विमा कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये कंपनी, मॉडेल आणि वर्ष यांची यादी असते. तुमची गाडी त्या यादीत नाही. फोनवरचा माणूस तिला जवळच्या एखाद्या खणात बसवायला बघतो आणि हा खण बहुधा तुम्ही जिचे सुटे भाग वापरले त्या मूळ गाडीचा असतो. समजा इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल जुन्या माझदा एमएक्स-५ मधून काढलेला आहे आणि नोंदणीच्या कागदावरही तिचंच वर्ष आलंय. मग कंपनीच्या लेखी तुमची गाडी म्हणजे एक जुनी एमएक्स-५, आणि क्लेमच्या दिवशी किंमतही तिचीच धरली जाणार. म्हणून ऑनलाइन फॉर्म भरून स्वस्तातली पॉलिसी उचलू नका. किट कार (सुट्या भागांच्या संचातून जोडलेल्या गाड्या), क्लासिक गाड्या, मॉडिफाइड गाड्या यांचंच काम करणारा ब्रोकर गाठा. तिथे फाईल माणूस वाचतो आणि प्रीमियमही माणूस ठरवतो.

आता किंमत. पॉलिसीत ती तीन तऱ्हांनी लिहिलेली सापडते. एक, बाजारभाव: अपघाताच्या दिवशी तशी गाडी कितीला मिळाली असती तो आकडा. तुमच्यासारखी दुसरी गाडी बाजारात नाहीच, त्यामुळे हा आकडा सर्व्हेअरच्या अंदाजावर जातो. दोन, तुम्ही सांगितलेली किंमत. अमेरिकेत ही ‘स्टेटेड व्हॅल्यू’ म्हणून विकली जाते आणि तिथे खरी सावधगिरी हवी, कारण अशा पॉलिसीत सहसा अट असते की सांगितलेली किंमत आणि बाजारभाव यांत जी रक्कम कमी, ती मिळेल. प्रीमियम तुम्ही मोठ्या आकड्यावर भरता, भरपाई छोट्या आकड्याची येते. तीन, ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’: दोन्ही बाजूंनी आधीच मान्य केलेली, पॉलिसीवर छापलेली रक्कम. गाडी पूर्ण गेली तर तेवढीच मिळते, त्या दिवशी घासाघीस नाही. हाताने बांधलेल्या गाडीसाठी मी तिसरीशिवाय दुसरं काही घेणार नाही.

ही रक्कम मान्य करून घ्यायला फाईल लागते. सुट्या भागांच्या पावत्या, मूळ गाडी घेतल्याचा कागद, इंजिन आणि चासीचे नंबर, वजनकाट्याची चिठ्ठी, सरकारी तपासणीचा दाखला. ब्रिटनमध्ये अशा एकेका गाडीची ‘आयव्हीए’ नावाची स्वतंत्र तपासणी होते; तुमच्याकडे जी काही तपासणी झाली असेल तिचा कागद फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा. तुमच्या मेहनतीचे तास पावतीवर येत नाहीत, म्हणून स्वतंत्र मूल्यांकनकाराकडून ‘ही गाडी आज पुन्हा बांधून घ्यायची तर किती लागतील’ असा अहवाल घ्या.

माझ्या गाडीच्या पाहणीला आलेला सर्व्हेअर इंजिनापाशी फारसा थांबला नाही. पुढच्या सस्पेन्शनचे ब्रॅकेट चासीला जिथे जोडलेत तिथले फोटो त्याने मागितले: रंग देण्याआधीचे, वेल्डशेजारी मोजपट्टी ठेवलेले. मग टॉर्च घेऊन खाली वाकला आणि फोटोतला ब्रॅकेट गाडीवरच्या ब्रॅकेटशी पडताळून पाहिला. नट आणि बोल्ट यांच्यावरून आडवी ओढलेली पिवळी रेघ त्याला दिसली. टॉर्क दिल्यावर ती मारायची, म्हणजे नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. ती त्याने बोटाने चाचपली आणि तपासणीची वही मागितली. त्यानंतर किमतीवर फार बोलणं झालं नाही. गाडी अजून बांधत असाल तर हे फोटो आजच काढा, पावडर कोटिंग झाल्यावर ते वेल्ड कुणालाच दाखवता येत नाहीत.

किमतीइतकंच महत्त्वाचं आणखी एक कलम आहे, ते फार कमी लोक वाचतात: गाडी ‘टोटल लॉस’, म्हणजे दुरुस्तीपलीकडे गेलेली, ठरली तर उरलेला सांगाडा कुणाचा? एरवीच्या गाडीत तो कंपनी घेऊन जाते. आपल्या गाडीत त्या सांगाड्यात निम्मा जीव शिल्लक असू शकतो, आणि तो परत जोडणारा माणूसही आपणच. हा सांगाडा (सॅल्व्हेज) स्वतःकडे ठेवायचा हक्क आणि त्यापोटी किती टक्के कापणार, हे आधीच लिहून घ्या. दुरुस्ती स्वतः केली तर मजुरी धरणार का, हेही विचारा. फायबरच्या बॉडीचे साचे जपून ठेवले असतील तर त्यांची नोंद करा. पॅनेल कुठून मिळणार हा प्रश्न सर्व्हेअर विचारतोच.

गाडीबद्दल काहीही लपवू नका. विमा करारात दोघांनी एकमेकांना खरं ते सांगायचं, हे तत्त्व इंग्लंडमधल्या १७६६ च्या कार्टर विरुद्ध बोहम खटल्यापासून चालत आलंय, आणि आजही मोठे क्लेम याच मुद्द्यावर फेटाळले जातात. इंजिन बदललं, टर्बो लावला, रोल केज (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा नळ्यांचा पिंजरा) बसवला की लगेच ईमेल करा. केज पाहून कंपनी ट्रॅकबद्दल विचारणारच, तेव्हा तुम्हीच आधी सांगितलेलं बरं. ट्रॅकचे ब्रेक पॅड घालून रस्त्यावर फिरू नका. शर्यतीचे पॅड थंड असताना नीट पकडत नाहीत, आणि अपघातानंतर चाक उघडून पॅड कोणते आहेत ते बघितलं जातं.

आता ट्रॅक. पॉलिसीतला वगळणुकीचा परिच्छेद शब्दशः वाचा, एजंटच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. ‘शर्यत किंवा वेगाची स्पर्धा’ एवढंच वगळलेलं असेल तर वेळ न मोजता शिकण्यासाठी भरवलेल्या ट्रॅक डेबद्दल वाद घालायला थोडी जागा उरते. ‘वेगचाचणी’, ‘प्रशिक्षण’, ‘सराव’ हे शब्दही असतील तर ती जागा जवळजवळ गेली. आणि ‘शर्यतीसाठी बांधलेल्या कोणत्याही आवारात’ असं लिहिलं असेल तर पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्या लावायच्या जागेत, इंजिन बंद करून उभी असलेली गाडी पेटली तरी हात वर केले जाऊ शकतात. लॅप टायमर लावून चालवलेला ट्रॅक डे ही वेगचाचणीच होती, असं म्हणायलाही कंपनीला आयतं निमित्त मिळतं.

जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग या रेस ट्रॅकचं उदाहरण मला फार शिकवून गेलं. त्याचा २०.८ किलोमीटरचा नॉर्डश्लाइफ हा भाग सर्वसामान्यांना चालवायला खुला असतो तेव्हा कायद्याने तो एकेरी वाहतुकीचा टोल रस्ता असतो, वाहतुकीचे नियम लागू असतात आणि वेळ मोजायला मनाई असते. म्हणून तिथे थर्ड पार्टी विमा लागतोच. तरीही कित्येक कंपन्या पॉलिसीत या रस्त्याचं नाव घालून गाडीचं स्वतःचं नुकसान वगळतात. शिवाय कठड्याला धडकलात तर कठड्याच्या दुरुस्तीचं आणि गाडी उचलून नेण्याचं बिल तुमच्याच नावाने निघतं.

थर्ड पार्टी विमा सार्वजनिक रस्त्याबाहेरही लागतो का, हा पेच युरोपात न्यायालयापर्यंत गेला. स्लोव्हेनियातल्या एका शेतावर मागे येणाऱ्या ट्रॅक्टरचा ट्रेलर शिडीला लागला, वर चढलेला माणूस पडला, आणि २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने सक्तीचा विमा खाजगी जागेतही लागू होतो असा निकाल दिला. त्यामुळे रेस ट्रॅकवरच्या प्रत्येक गाडीलाही तसाच विमा लागणार, या भीतीने मोटरस्पोर्टवाले हादरले. शेवटी युरोपीय संघाच्या २०२१ च्या निर्देशाने आखीव, बंदिस्त जागेतल्या मोटरस्पोर्टला सूट दिली, पण अट घातली की आयोजकाचा किंवा इतर कुणाचा पर्यायी विमा हवा. त्या विम्यात प्रेक्षक आणि तिऱ्हाईत लोक यायलाच हवेत. भाग घेणारे ड्रायव्हर आणि त्यांच्या गाड्या आल्याच पाहिजेत अशी सक्ती नाही. म्हणजे नेमके तुम्ही आणि तुमची गाडी! आयोजक ‘आमचा विमा आहे’ म्हणतो ते बहुतेक वेळा खरंच असतं, फक्त तो तुमच्यासाठी नसतो. त्याच्याकडून विम्याचा दाखला मागून घ्या, आणि ज्या कागदावर सही करता त्यात एकमेकांवरचा दावा सोडून दिलाय का ते वाचा.

ट्रॅक डेचा एका दिवसाचा विमा काही देशांत सहज मिळतो. तो मुख्यतः तुमच्या गाडीच्या धडकेच्या नुकसानीचा असतो. क्लेममधला आपण सोसायचा वाटा त्यात मोठा, बहुधा गाडीच्या किमतीच्या टक्क्यांत असतो. इंजिन फुटणं, गिअरबॉक्स जाणं त्यात येत नाही, आणि दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी वेगळी विचारावी लागते. स्वस्तात बांधलेल्या गाडीला हा विमा प्रत्येक वेळी परवडेलच असं नाही. मी स्वतः तो अनोळखी किंवा भिंती जवळ असलेल्या ट्रॅकवर घेतो. भरपूर मोकळी जागा असलेल्या ट्रॅकवर घेत नाही आणि गाडी गेली तर गेली असं मनाशी ठरवून उतरतो. हे मनाला पटत नसेल तर तुम्ही प्रत्येक वेळी घ्या.

मधल्या फटीही बघा. ट्रेलरवरून नेताना ओढणाऱ्या गाडीचा विमा सहसा इतरांच्या नुकसानीपुरता असतो, ट्रेलरवरच्या गाडीला झालेलं नुकसान त्यात धरतीलच असं नाही. आणि गाडी बांधून होईपर्यंत गॅरेजमध्ये पडलेल्या भागांना घराचा विमा बहुधा लागू होत नाही, त्यातून तिथे वेल्डिंग चालू असेल तर कंपनी आणखी काटेकोर होते. बांधकाम चालू असलेल्या गाडीसाठी आग आणि चोरीपुरती वेगळी पॉलिसी मिळते, ती स्वस्त असते.

आणि गाडीच्या नादात राहून जातो तो तुमचा स्वतःचा विमा. आयुर्विमा, आरोग्य विमा, वैयक्तिक अपघात विमा या तिन्ही पॉलिसी काढून त्यात ‘मोटरस्पोर्ट’ किंवा ‘धोकादायक खेळ’ वगळलेत का ते पहिला ट्रॅक डे बुक करण्याआधी बघा. वगळले असतील तर तिन्ही कंपन्यांना लेखी विचारा की वेळ न मोजता चालवलेला ट्रॅक डे त्यात मोडतो का, आणि आलेलं उत्तर गाडीच्या फाईलमध्ये न ठेवता घरच्यांना सापडेल अशा जागी ठेवा.