कॅमेऱ्याआधी यंत्र बोलते का?

वाचकांचे प्रश्न : गाडी आणि रस्ता

प्रश्न : मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने आठवड्यातून दोनदा ये-जा असते. डॅशबोर्डवर लावायचे नॅव्हिगेशन यंत्र घ्यायचे आहे. ते सगळे स्पीड कॅमेरे आधीच सांगते, असे दुकानदार म्हणतो. पारख कशी करावी?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : हे यंत्र कॅमेरा ओळखत नाही. त्याच्या पोटात कॅमेऱ्यांच्या जागांची यादी असते. उपग्रहांवरून ते गाडी कुठे आहे हे काढते आणि यादीतली जागा जवळ आली की बोलते. त्यामुळे पडदा किती इंची हे नंतर बघा. आधी कॅमेऱ्यांच्या यादीची तारीख विचारा. नकाशाची तारीख वेगळी, यादीची वेगळी, आणि दुकानात बहुतेकदा नकाशाचीच सांगतात. द्रुतगती मार्गावरची नवी कॅमेरा यंत्रणा 2024 मध्ये सुरू झाली. यादी त्याआधीची असेल तर या रस्त्यावर तिचा उपयोग नाही. नवी यादी किती दिवसांनी येते, वर्गणी किती, तेही पावती फाडण्याआधी विचारून घ्या. रस्त्याकडेला उभी असलेली पोलिसांची वेग मोजणारी इंटरसेप्टर गाडी तर कोणत्याच यादीत सापडणार नाही.

यंत्र परत करायची मुदत असेल तेवढ्यात चाचणी उरका. ओळखीचा 25-30 किलोमीटरचा रस्ता निवडा, पाच-सहा कायमचे कॅमेरे हेरून ठेवा आणि शेजारी बसलेल्याला वही द्या. प्रत्येक कॅमेऱ्यापाशी त्याने एवढेच लिहायचे : सूचना आली का, किती मीटर आधी आली, आणि कॅमेरा आपल्याच बाजूचा होता का. मग त्याच रस्त्याने परत या. समोरून येणाऱ्यांसाठीच्या कॅमेऱ्यावर यंत्र ओरडत असेल तर त्याच्या यादीत दिशा नोंदलेली नाही. अशा खोट्या सूचना वाढल्या की चालक खरीकडेही दुर्लक्ष करतो, म्हणून आम्ही हा दोष मोठा मानतो.

अंतराचा हिशेब असा. ताशी 100 किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर जाते. सूचना 300 मीटर आधी मिळाली तर हातात 11 सेकंद उरतात. हलक्या ब्रेकने 60 वर यायला ते पुरतात. 100 मीटर आधी मिळाली तर जोरात ब्रेक दाबावा लागतो आणि मागचा ट्रक अंगावर येतो. अशी उशिराची सूचना नसलेलीच बरी.

या मार्गावर दोन ठिकाणांमधला सरासरी वेगही मोजतात, आणि खरी कसोटी तिथे लागते. समजा पट्टा 10 किलोमीटरचा आणि मर्यादा 100 ची. पहिले 5 किलोमीटर 120 ने काढले तर अडीच मिनिटे गेली. उरलेल्या 5 किलोमीटरला साडेतीन मिनिटे लावायला हवीत, म्हणजे वेग 86 च्या आत हवा. चांगले यंत्र पट्टा सुरू झाल्यापासून संपेपर्यंत चालू सरासरी पडद्यावर दाखवते. नुसते दोन टोकांना ‘टिंग’ वाजवणारे घेऊ नका.

लोणावळा-खंडाळ्याकडे जुना महामार्ग लगत येतो. तिथे पडद्यावरची गाडी भलत्याच रस्त्यावर उडी मारते का आणि वेगमर्यादा अचानक बदलते का, ते बघा. भातण, माडप, कामशेतच्या बोगद्यांत उपग्रह दिसत नाहीत. बाहेर पडल्यावर काही सेकंदांत जागा पुन्हा मिळायला हवी. स्पीडोमीटरचा काटा मुद्दामच थोडा जास्त दाखवतो, त्यामुळे यंत्रावरचा आकडा तीन-चारने कमी दिसला तर तो बिघाड नव्हे.

आमचे मत विचाराल तर आधी महिनाभर फोनवरचे मॅपल्स किंवा गुगल मॅप्स याच पद्धतीने तपासा. वेगळे यंत्र त्याहून सरस ठरले तरच पैसे घाला.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये असतो. सुट्टीत गाडीने फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंडला जाणार आहोत. यंत्रातील कॅमेरा सूचना चालू ठेवता येतील का?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : ब्रिटनमध्ये चालतात, पुढे नाही. फ्रान्समध्ये 2012 पासून कॅमेऱ्याची नेमकी जागा सांगायला बंदी आहे. तिथे यंत्र फक्त ‘धोक्याचा पट्टा’ म्हणू शकते. जर्मनीत चालकाने ही सोय वापरली तर 75 युरो दंड आणि परवान्यावर एक दंडगुण. फोनवरचे ॲपही त्यात आले. स्वित्झर्लंड सर्वांत कडक : अशी सोय असलेले यंत्र गाडीत नुसते बाळगणेही गुन्हा, आणि ते जप्त होते. म्हणून सूचना नुसत्या बंद करू नका. निघण्याआधी त्या देशाची कॅमेऱ्यांची यादीच यंत्रातून पुसून टाका.

प्रश्न : डॅशकॅम बसवल्यापासून नॅव्हिगेशनला उपग्रह सापडायला दहा-दहा मिनिटे लागतात. यंत्र बिघडले का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी डॅशकॅमचा चार्जर सॉकेटमधून काढून बघा. हलक्या प्रतीच्या चार्जरमधून निघणारा विद्युत गोंगाट उपग्रहांचा क्षीण संदेश दाबून टाकतो. काढल्यावर मिनिटाभरात जागा मिळाली तर चार्जर बदला आणि दोन्ही यंत्रांत हातभर अंतर ठेवा. तरी फरक पडला नाही तर काच तपासा. उष्णता रोखणारा धातूचा थर असलेल्या काचेतून संदेश नीट येत नाही. अशा काचेवर आरशामागे बहुधा ठिपक्यांचा मोकळा भाग सोडलेला असतो, यंत्र तिथे लावा. मात्र ते चालकाच्या नजरेसमोर आडवे येता कामा नये.