आधुनिक इमारत समजून घ्यायची तर स्केच करावं की फोटो काढावेत?

आधुनिक इमारती समजून घेण्यासाठी हाताने स्केच करत बसावं की चांगले फोटो काढले तरी भागेल, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणाल तर दोन्ही करा, पण पेन्सिल आधी.

जपानमधलं, वास्तुरचनाकार तादाओ आंदो यांचं ‘चर्च ऑफ द लाइट’ (१९८९) मी फोटोंत कितीतरी वेळा पाहिलं होतं. काँक्रीटच्या भिंतीत क्रूसाच्या आकाराची फट आणि तिच्यातून येणारा उजेड, एवढंच लक्षात होतं. एकदा त्यातल्याच एका फोटोवरून ती भिंत काढायला घेतली आणि हात अडला. सपाट वाटणाऱ्या करड्या भिंतीवर शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, सांध्यांच्या बारीक रेषा होत्या आणि ठरावीक अंतरावर गोल खळगे. शटरिंग आवळून धरणाऱ्या टाय-रॉडच्या त्या खुणा. आंदोंच्या कामात शटरिंगची फळी साधारण ९० × १८० सेंटिमीटरची, म्हणजे जवळपास जपानी घरांतल्या तातामी चटईच्या मापाची असते. क्रूसाची फटही त्या सांध्यांशी तंतोतंत जुळवलेली आहे! डोळ्यांसमोर असूनही हे मला रेघ ओढेपर्यंत दिसलं नव्हतं.

उजेड, पृष्ठभागाचा पोत, दिवसभरात सरकणारी सावली यांत मात्र फोटोला तोड नाही. फक्त मोबाईल वर तिरका धरू नका, उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. तो सरळ धरा, मागे सरका आणि खालची जास्तीची जमीन नंतर कापून टाका. व्यावसायिक छायाचित्रकार यासाठी शिफ्ट लेन्स, म्हणजे कॅमेरा सरळ ठेवून वर-खाली सरकवता येणारी लेन्स, वापरतात.

वास्तुरचनाकारांची स्केचेसही फोटोशेजारी ठेवून बघा. सिडनी ऑपेरा हाउसची स्पर्धा योर्न उट्झन यांनी १९५७ मध्ये जिंकली, तेव्हा चित्रातली छपरं बरीच बसकी आणि मुक्त वळणांची होती. ती बांधायची कशी, हे कोडं १९६१ च्या सुमारास सुटलं: छपराची सगळी कवचं म्हणजे एकाच गोलाचे तुकडे मानायचे. १९७३ मध्ये खुली झालेली इमारत म्हणूनच चित्रापेक्षा उभट दिसते. नुसत्या फोटोवरून हा प्रवास कळणं अशक्य आहे.

सुरुवातीला एका इमारतीसमोर दहा मिनिटं बसा. खोडरबर घेऊ नका. चित्र वाकडं आलं तरी चालेल. जिथे हात अडेल, तिथे जवळ जाऊन फोटो काढा.