इम्युनॉलॉजीत पीएचडी केली तर पुढे अल्झायमरवर काम करता येईल का?

येईल. तुमच्या सरांनी सांगितलं म्हणे, की एकदा थायमसमध्ये, म्हणजे रोगप्रतिकारक टी पेशी घडवणाऱ्या छातीतल्या अवयवात, शिरलात की मेंदूचं दार बंद. हे मला साफ अमान्य आहे, आणि याच मुद्द्यावर माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण गेलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टी पेशी घडताना नॉच या पेशीपटलावरच्या रिसेप्टरचा संकेत काय करतो, हा माझा विषय. थायमसमध्ये आलेल्या पेशीला नॉच-1 या प्रकाराचा संकेत मिळाला नाही तर टी पेशी घडतच नाहीत, तिथे प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी दिसू लागतात. 1999 मध्ये उंदरांत हे दाखवलं गेलं. शेजारच्या पेशीवरचा लायगंड (नॉचला जुळणारं प्रथिन) भेटला की नॉच कापला जातो आणि आतला तुकडा सुटून थेट केंद्रकात जातो. पेशीपटलातला तो शेवटचा काप घेतं गामा-सिक्रीटेज. एपीपी हे प्रथिन कापून, अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं बीटा-अमायलॉइड बनवणारं एन्झाइमही हेच. त्याचा गाभा म्हणजे प्रेसेनिलिन, ज्याचं जनुक 1995 साली कमी वयात अल्झायमर होणाऱ्या कुटुंबांमध्ये सापडलं. अडकित्ता एकच, सुपाऱ्या दोन.

म्हणून मी एक साधा प्रयोग लावला. पंधराव्या दिवसाच्या उंदराच्या भ्रूणातून थायमसचे दोन लोब काढायचे. हृदयाच्या अगदी वर असतात, पांढुरके, आणि चिमटा जरा जोरात लागला की फाटतात. ते जेलफोम स्पंजवर ठेवलेल्या फिल्टरवर ठेवायचे, म्हणजे खालून मीडियम (पोषक द्रव) आणि वरून हवा. एका लोबच्या मीडियममध्ये डॅप्ट हे गामा-सिक्रीटेज रोखणारं रसायन, दुसऱ्याच्या नुसतं डीएमएसओ, म्हणजे डॅप्ट ज्यात विरघळवतात ते द्रावक. आठवड्याने पेशी रंगवून फॅक्सला, म्हणजे रंगावरून एकेक पेशी मोजणाऱ्या यंत्राला, लावल्या. डीएमएसओवाल्या लोबमध्ये सीडी4 आणि सीडी8 ही दोन्ही प्रथिनं असणाऱ्या, घडणीत पुढे गेलेल्या डबल पॉझिटिव्ह पेशींचा कोपरा गच्च भरलेला. डॅप्टवाल्यात तो ओस, पेशी त्याआधीच्या, दोन्ही प्रथिनं नसलेल्या डबल निगेटिव्ह टप्प्यालाच अडकलेल्या. शोध माझा नव्हता, असे निकाल 2001 मध्येच छापून आले होते. पण ते स्वतःच्या हाताने केलं आणि स्क्रीनवर पाहिलं की मनात शंका उरत नाही.

2008 मध्ये जेआरएफचं एसआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिपची वरिष्ठ) होताना मी समितीपुढे हे मांडलं. म्हटलं, अल्झायमरसाठी हेच एन्झाइम दाबणाऱ्या औषधांच्या चाचण्या चालू आहेत, तर रुग्णांच्या टी पेशींकडेही बघायला हवं. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, मेंदूच्या औषधाचा थायमसशी काय संबंध? फोकस ठेवा." सत्तरीच्या माणसाचा थायमस तसाही आटलेला असतो, हा त्यांचा दुसरा मुद्दा. मी म्हटलं, थायमस आटला तरी नॉच आटत नाही. परिपक्व टी पेशींना, आतड्याला, त्वचेला तो लागतोच. उपयोग झाला नाही. ते प्रकरण प्रबंधातून काढायला लावलं.

त्याच वर्षी एली लिली या कंपनीच्या सेमागासेस्टॅट या गामा-सिक्रीटेज रोखणाऱ्या औषधाची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी सुरू झाली होती. ऑगस्ट 2010 मध्ये कंपनीने औषध थांबवलं. 2013 मध्ये सविस्तर निकाल आले: एका चाचणीत 1,500 हून जास्त रुग्ण, आणि जास्त डोस घेणाऱ्यांची रोजची कामं करण्याची क्षमता औषध नसलेली नकली गोळी (प्लासिबो) घेणाऱ्यांपेक्षा अधिक ढासळलेली. त्वचेचे कर्करोग वाढले, संसर्ग वाढले, वजन घटलं. आणि रक्त तपासण्यांच्या ओळीत स्पष्ट लिहिलंय: लिम्फोसाइट (टी, बी वगैरे पांढऱ्या पेशी) कमी, टी पेशी कमी, इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिपिंडं) कमी. संबंध काय, याचं उत्तर त्या ओळीत आहे. स्मृती जात चाललेली ती माणसं विश्वासाने रोज गोळी घेत होती. हे आठवलं की आजही मला राग येतो.

आता तुमच्या प्रश्नाकडे. नॉच नको असेल तर मायक्रोग्लिया बघा. मेंदूत राहणाऱ्या या रोगप्रतिकारक पेशी योक सॅकमधून (भ्रूणाला जोडलेल्या पिशवीतून) भ्रूणावस्थेतच तिथे जातात. त्यांच्यावरच्या ट्रेम-2 रिसेप्टरचा एक दुर्मिळ प्रकार अल्झायमरचा धोका दोन-तीन पट वाढवतो, हे 2013 मध्ये समोर आलं. ट्रेम-2 चा संकेत डॅप-12 आणि सिक या प्रथिनांमार्गे आत जातो, आणि एनके (नॅचरल किलर) पेशी शिकलेल्याला डॅप-12 परका नाही. यातला ट्रेम-2 किंवा डॅप-12 पूर्ण निकामी असेल तर नासू-हाकोला हा दुर्मिळ आनुवंशिक आजार होतो: हाडांत पोकळ्या आणि ऐन चाळिशीच्या आसपास स्मृतिभ्रंश. एकच बिघाड, हाडातही आणि मेंदूतही. म्हणून अवयव निवडू नका, सिग्नलिंगचा मार्ग निवडा. फॅक्स पक्कं शिका, कारण मायक्रोग्लियाही त्यावरच मोजतात.

एक नमूद करायला हवं. सेमागासेस्टॅटने रुग्णांची स्थिती का बिघडली, याचा सगळा दोष नॉचवर टाकता येत नाही. गामा-सिक्रीटेज शंभराहून जास्त प्रथिनं कापतं, आणि ते रोखलं की एपीपीचे अर्धवट तुकडेही साचतात. शिवाय न्यूरॉन, वर्तनचाचण्या, मेंदूचे काप हे सगळं तुम्हाला पोस्टडॉकमध्ये नव्याने शिकावं लागेल, त्यात दोन वर्षं सहज जातात.

संशोधन संस्था म्हणाल तर पुण्यात एनसीसीएस (पेशीविज्ञान) आणि आयसर आहे, बंगळुरूला एनसीबीएस (जीवशास्त्र), मानेसरला एनबीआरसी (मेंदू संशोधन). पण संस्थेच्या नावापेक्षा गाइड बघा. पहिल्याच भेटीत विचारा की दुसऱ्या विषयात शिरणारं प्रकरण प्रबंधात चालेल का, आणि समितीत कुणी अडवलं तर तुम्ही माझ्या बाजूने बोलाल का. माझे गाइड त्या दिवशी गप्प बसले होते. तुमचे उत्तर द्यायला अडखळले, तर दुसरी लॅब शोधा.