कार्बन कर लावल्याने उत्सर्जन खरंच कमी होतं का?

होतं, पण कुठे आणि किती यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. (कार्बन कर म्हणजे इंधन जाळून जेवढे टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला, त्या हिशेबाने लागणारा कर.) लोक कर भरून तेवढाच धूर काढत राहतील, ही नेहमीची शंका पेट्रोलच्या बाबतीत बरीचशी खरी आहे. विजेच्या बाबतीत नाही.

ब्रिटनचंच बघा. तिथे 2013 पासून वीजनिर्मितीच्या इंधनावर कार्बनचा वेगळा कर आहे. तो पुढे टनभर कार्बन डायऑक्साइडमागे 18 पौंडांवर गेला. एक मेगावॉट-तास (म्हणजे हजार युनिट) वीज कोळशावर बनवली की साधारण 0.9 टन कार्बन डायऑक्साइड निघतो, गॅसवर 0.4 च्या आसपास. म्हणजे कोळशावर 16 पौंडांचा बोजा, गॅसवर 7 चा. ग्रिडवर स्वस्त वीज आधी उचलली जाते, त्यामुळे या 9 पौंडांनी कोळसा रांगेत मागे ढकलला गेला. ग्राहकाला सवय बदलावी लागली नाही. 2012 मध्ये जवळपास 40 टक्के वीज कोळशाची होती. शेवटचं कोळसा केंद्र 30 सप्टेंबर 2024 ला बंद झालं. (सगळं श्रेय कराचं नाही. पवनचक्क्या आणि प्रदूषणाचे कडक नियमही होतेच.)

पेट्रोलचं गणित वेगळं. लिटरभर जाळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 2008 मध्ये टनाला 10 डॉलरपासून सुरुवात केली आणि 2012 पर्यंत 30 गाठले, तरी लिटरमागे ते 7 सेंटसुद्धा भरले नाहीत. तेलाच्या भावातले नेहमीचे चढउतार याहून मोठे असतात. कामाची जागा लांब आणि बस नाही, तर माणूस कुरकुरत पैसे भरतो. तिथल्या अभ्यासांत 5 ते 15 टक्के घट दिसली, तीही कर नसता तर जेवढं उत्सर्जन झालं असतं त्याच्या तुलनेत. हे न बघता नुसता वाढलेला आकडा दाखवून ‘कर फसला’ म्हणणारे पुष्कळ भेटतील.

स्वीडनमध्ये 1991 पासून कर आहे, आता टनाला 100 युरोंच्या वर. घरं उबदार ठेवायला लागणारं तेल तिथे जवळपास हद्दपार झालं, कारण लाकूडफाट्यावर चालणारी सामायिक उष्णता-केंद्रं हाताशी होती. कारखान्यांना मात्र कित्येक वर्षं सवलतीचा दर होता.

दराइतकीच मला कराच्या टिकाऊपणाची काळजी वाटते. ऑस्ट्रेलियाने 2012 मध्ये लावलेला कर 2014 मध्ये काढून टाकला, कॅनडाने सामान्य ग्राहकांवरचा 2025 मध्ये. वीजकेंद्र बांधणारा तीस-चाळीस वर्षांचा हिशेब करतो. पुढच्या निवडणुकीत कर जाणार असं दिसलं, तर त्या हिशेबात तो कर धरतच नाही.