आधी दारू सोडवायची की आधी डोक्याचं बघायचं?

सोलापुरात माझ्याकडे समुपदेशनाला पूर्व भागातून विड्या वळणाऱ्या बायका येतात, जुळे सोलापुरातून शिक्षिका येतात, अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एखादा सुपरवायझर मुलाला घेऊन येतो. घरं वेगळी, प्रश्न मात्र तोच: "मॅडम, आधी दारू सोडवायची की आधी डोक्याचं बघायचं?" बहुतेकांच्या पिशवीत दोन फायली असतात. एका डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, दारू पूर्ण बंद होऊ दे, मग मनाच्या गोळ्यांचं बघू. व्यसनमुक्तीवाल्यांनी सांगितलेलं असतं, यांचं मन आधी ठिकाणावर आणा, मग भरती करू. या सांगण्यात महिने जातात आणि पिणं चालूच राहतं.

माझं उत्तर ठरलेलं आहे. दोन्हीचं एकदम बघायचं, आणि आजच सुरू करायचं. पण नुसतं सांगून ते कुणाला पटत नाही, म्हणून एका घराबद्दल लिहिते. ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि दोन-तीन घरांचं एकत्र केलं आहे.

अक्का एकट्याच आल्या होत्या. घरात तेलुगू, माझ्याशी सोलापुरी मराठी. "रोज प्यायलेत ओ मॅडम. रात्री झोप नाही, सकाळी कामावर जायना झालेत. परवा म्हणाले, मी नसलेलंच बरं."

हे शेवटचं वाक्य घरचे नेहमी सगळ्यात शेवटी आणि सहज सांगितल्यासारखं सांगतात. मी तिथेच थांबते. नवरा आला तेव्हा पहिला प्रश्न दारूचा विचारलाच नाही. "दादा, जीव द्यावा असं मनात येतं का?" असं सरळ विचारलं. असं विचारल्याने नसता विचार डोक्यात भरतो, ही भीती खोटी आहे. विचारल्यावर माणूस मोकळा होतो. त्यांनी मान हलवली. त्याच दिवशी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि घरात कोण सोबत राहणार, कीटकनाशकं आणि गोळ्या कुठे ठेवायच्या, हे अक्कांबरोबर बसून ठरवलं.

पुढच्या भेटींत मी एक कोरा कागद घेतला आणि आडवी रेघ ओढली. किती पिता, का पिता, असले प्रश्न त्यांनी घरात हजारदा ऐकलेले असतात, त्यांची उत्तरंही पाठ असतात. मला सालं हवी असतात, कोणत्या वर्षी काय झालं ते. माणसाला त्याची सालं सांगू द्या, तो स्वतःच बोलायला लागतो, यावर माझा पक्का विश्वास आहे.

"दारू कधीपासून?"

"लग्नाआधीपासून. पण पगाराच्या दिवशी. रोजची नव्हती."

"रोजची कधी झाली?"

ते गप्प राहिले. अक्काच म्हणाल्या, "माग गेल्यावर."

वडिलांनी घेतलेले दोन यंत्रमाग होते, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत. टॉवेल निघायचे. ते बंद पडले आणि शेवटी किलोच्या भावाने भंगारात गेले. मी रेघेवर ते साल मांडलं.

"आणि झोप? ती कधी गेली?"

"त्याच्या आधी."

"दारूच्या आधी?"

"व्हय. माग थांबले ना, घर गप्प झालं. मी जन्मापासून त्या खडखडाटात झोपलोय मॅडम. आई सांगायची, माग थांबला की मी रडत उठायचो. गप्प घरात डोळाच लागेना. मग दारूची नाइन्टी मारली की लागायचा."

अक्का त्यांच्याकडे बघतच राहिल्या. इतकी वर्षं एका छपराखाली काढली, त्यांना हे माहीत नव्हतं. माग विकल्याचं दुःख असेल असं वाटलं होतं, झोपेचं कुणी विचारलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, "मी तर म्हणायचे, झोप यावी म्हणून पिताय हे सगळं नाटक आहे." मी काहीच बोलले नाही. त्या दोघांचं बोलणं पहिल्यांदा भांडणाशिवाय चाललं होतं, त्यात मी कशाला पडू? त्या भेटीत माझं काम फक्त वेळ संपू न देण्याचं होतं, आणि ते मी केलं याचं मला समाधान आहे.

रेघ पूर्ण झाल्यावर चित्र उघड होतं. आधी झोप गेली आणि मन खचलं, मग दारू आली. पण गोष्ट तिथे संपत नाही. दारूने डोळा लवकर लागतो हे खरं, पण उत्तररात्रीची झोप ती मोडते. पहाटे तीनला जाग, छातीत धडधड, नको ते विचार, मग परत एक घोट. औषध म्हणून आलेली दारू आता स्वतःच आजार वाढवत होती. अशा वळणावर आधी काय आलं यावर उपचार अडवून ठेवण्यात अर्थ नसतो. क्रम कळला तर डॉक्टरांना मदत होते, एवढंच. दारू थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांत अनेकांची उदासी बरीच उतरते. पण दारूच्या आधीपासून मन खचलेलं असेल, किंवा जिवाचं बरंवाईट करायचे विचार असतील, तर तेवढे आठवडे थांबायचं नसतं. या दादांचे उपचार म्हणूनच दोन्ही बाजूंनी एकदम सुरू झाले.

हे दुखणं आपल्याच घरात आहे असं प्रत्येकाला वाटतं. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात ४.६ टक्के प्रौढांमध्ये दारूचा विकार आढळला, म्हणजे साधारण बावीस जणांत एक. त्यातल्या ८६ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे हे आकडे सोलापूरचे म्हणून सांगता येत नाहीत, पण माझ्या खोलीत दिसतं ते याहून फार वेगळं नाही. एम्सच्या २०१९ च्या देशव्यापी अहवालात तर दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांत एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचं दिसलं. आणि दोन दुखणी एकत्र असणं हा अपवाद नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात सुमारे २०,००० लोकांची पाहणी झाली. आयुष्यात कधी ना कधी दारूचा विकार जडलेल्यांपैकी ३७ टक्के लोकांना दुसराही एखादा मानसिक आजार होऊन गेला होता. इतक्या वेळा दोन्ही जोडीने येत असतील, तर रुग्णाला एका दारातून दुसऱ्या दारात पाठवणं मला मान्य नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. रोज पिणाऱ्याला घरात कोंडून दारू तोडू नका. शेवटच्या पेल्यानंतर काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, आणि वेळेवर उपचार न मिळाले तर जीवही जाऊ शकतो. देवाची शपथ घालून, खोलीला कडी लावून केलेले प्रयत्न इथेच अंगाशी येतात. सोलापूरच्या सरकारी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे, तिथे न्या. पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन दारू उतरवतात. तेवढं झालं म्हणजे व्यसन सुटलं असं नाही. खरं काम तिथून पुढे असतं.

दादा सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत एकदा घसरले, म्हणजे परत प्यायले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच आले. घसरला म्हणजे सगळं वाया गेलं, असं घरचे धरतात. मी तसं धरत नाही. कुठे, कुणाबरोबर, त्या आधीच्या रात्री झोप झाली होती का, हे तिघांनी मिळून पाहिलं. आता ते दुसऱ्याच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती बघणारे, आहेत आणि दिवसपाळी मागून घेतली आहे.

आणि अक्का? नवऱ्याचं चालू असताना मी त्यांना विचारलं, तुमची झोप कशी आहे? मांडीवर सूप घेऊन रात्री उशिरापर्यंत हजार विड्या पुऱ्या करायच्या, कान दाराकडे. झोप कुठली? कमरेला तंबाखूच्या मिश्रीची डबी. व्यसन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पुरुष आणि बाटली येते, पण त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात २०.९ टक्के प्रौढांमध्ये तंबाखूचा विकार होता. पिणाऱ्याच्या घरात दुसरा रुग्ण बहुतेक वेळा त्याची फाईल धरून बसलेला असतो. मी अक्कांची भेट वेगळी ठेवली, एकटीची.

पहिल्यांदा येणार असाल तर एक कागद आणा. झोप कधी बिघडली, मन कधी खचलं, दारू रोजची कधी झाली, मध्ये कधी थांबली होती का आणि तेव्हा मन कसं होतं, एवढं साल घालून लिहा. दोन्ही फायली सोबत ठेवा आणि दोन्ही डॉक्टरांना दाखवा. रात्री-अपरात्री भीती वाटली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. ज्याच्यासाठी यायचं तो तयार नसेल तर तुम्ही एकट्या या. आणि तो पिऊन आला तरी घेऊन या, त्या दिवशीची भेट चुकवू नका.