सूर-शंका : चारच सूर, पण कुठले?

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. दोन वर्षं इलेक्ट्रिक गिटार शिकतोय, बोटं भराभर चालतात. त्याच्या सरांनी ब्लूज (अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं दुःखाचं गाणं) गाणाऱ्या-वाजवणाऱ्या अल्बर्ट किंगचा ‘बॉर्न अंडर अ बॅड साइन’ हा अल्बम ऐकायला सांगितला. तो म्हणतो, “आई, यात चारच सूर आहेत, हे मी पहिल्या महिन्यात शिकलोय.” ऐकून मलाही फारसं काही कळलं नाही. यात ऐकायचं काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, चिरंजीवांची मोजणी फार चुकलेली नाही. चार नाही, पाच म्हणू. मीही एकदा असाच शहाणा होतो. १९८७ साली बोटीवर नोकरी करणाऱ्या एका मित्राने हा अल्बम मला कॅसेटवर भरून दिला. तेव्हा मी मुंबईत एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो, रात्रीत तीसेक हिंदी गाणी. पहिल्यांदा ऐकून मी कॅसेट ड्रॉवरमध्ये टाकली. महिन्याभराने सहज त्यातली एक जागा, म्हणजे सुरांचा छोटा तुकडा, वाजवून पाहिली आणि ती आलीच नाही. सूर सगळे बरोबर होते, पण तो माणूस त्यात नव्हता.

कारण सांगतो. अल्बर्ट डावखुरा होता. उजव्या हाताच्या माणसासाठी तारा लावलेली गिटार त्याने तशीच उलटी धरली, तारा बदलल्याच नाहीत. त्यामुळे बारीक तारा वर, त्याच्या हनुवटीकडे आल्या. बाकीचे गिटारवाले बारीक तार बोटाने वर ढकलतात. हा ती जमिनीकडे खाली ओढायचा. माणूस सहा फुटांहून बराच उंच, एके काळी बुलडोझर चालवलेला, आणि तारा नेहमीपेक्षा खालच्या सुरात लावलेल्या. मग तार किती खेचली जाणार! एकाच पडद्यावरून दोन पूर्ण सूर वर, म्हणजे कोमल गंधारावर बोट ठेवलं आणि पंचमापर्यंत गेला. सतारीवर मींड घेताना तारही खालीच ओढतात, हे तुमच्या आसपासच्या कुणा सतारियाला विचारा. मिझराब काय, पिकसुद्धा (तार छेडायची छोटी पट्टी) नाही, अल्बर्ट नुसत्या अंगठ्याने वाजवायचा.

तेव्हा मुलाला सांगा, सूर मोजू नकोस. प्रत्येक वेळी तार कुठपर्यंत गेली ते ऐक. कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे एक जागा आहे, ब्लूजचा सगळा जीव तिथे आहे. अल्बर्ट तिथे वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या उंचीवर थांबतो. पेटीवर ही जागा सापडणार नाही. आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकांना मी एकदा उत्साहाने ती ऐकवली, तर म्हणाले, “ट्यूनिंग बघ रे, बेसूर येतंय.”

दुसरं म्हणजे त्याच्या गाण्यातला सवाल-जवाब. तो एक ओळ गातो आणि गप्प बसतो, मग गिटार उत्तर देते. शीर्षकगीतात तक्रार अशी की नशीब वाईट नसतं तर मला नशीबच नसतं. साडेसाती पाठीला लावून घेतलेल्या आपल्या माणसांना हे वेगळं समजवायला नको. अल्बमच्या कव्हरवर तर काळी मांजर, इस्पिकचा एक्का आणि तेरा तारखेचा शुक्रवार, सगळा अपशकुन एका जागी.

प्रश्न : ‘बॉर्न अंडर अ बॅड साइन’ हे गाणं मी ‘क्रीम’ या लंडनच्या रॉक बँडचं म्हणून तीस वर्षं ऐकत आलो. आता कळतंय की ते त्यांचं नाही. क्रीमचा गिटारवादक एरिक क्लॅप्टन, त्याच्यासारख्या लोकांनी अल्बर्टकडून नुसतं उचललं का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : उचललं, आणि उघडपणे उचललं. गाणं विल्यम बेल आणि बुकर टी. जोन्स यांचं आहे. अल्बर्टने ते मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत गायलं. हा स्टुडिओ म्हणजे जुनं सिनेमा थिएटर होतं, खुर्च्या काढल्या तरी जमिनीचा उतार तसाच राहिलेला. मागे बुकर टी. अँड द एमजीज हा तिथला घरचा बँड : दोन काळे, दोन गोरे, आणि तेही वर्णभेदाच्या दक्षिण अमेरिकी राज्यांत. खरं तर अल्बम म्हणून हा बनवलाच नव्हता. १९६६-६७ मध्ये सिंगल्ससाठी, म्हणजे एकेका गाण्याच्या सुट्या तबकड्यांसाठी, ध्वनिमुद्रित केलेली गाणी बरीचशी एकत्र करून १९६७ मध्ये अकरा गाण्यांची तबकडी काढली. अल्बर्ट तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता.

माझ्या मते अर्धं श्रेय या बँडचं. ब्लूजच्या रुळलेल्या चालीऐवजी त्यांनी सोल संगीताचा, म्हणजे काळ्या अमेरिकेच्या नाचत्या गाण्यांचा, ठेका दिला. ‘क्रॉसकट सॉ’ या गाण्यात बँडच्या अल जॅक्सनचा ड्रम ऐका, पाय हलल्याशिवाय राहत नाही. रॉकवाल्या पोरांना हे आयतंच हवं होतं. क्रीमच्या ‘स्ट्रेंज ब्रू’मधला सोलो ऐका आणि लगेच या अल्बममधलं ‘ओ प्रिटी वुमन’ लावा. तुम्हीच हसाल. शीर्षकगीत क्रीमने १९६८ मध्ये गायलं, अल्बममधलंच ‘द हंटर’ १९६९ मध्ये ‘फ्री’ या बँडने. ‘ॲज द इयर्स गो पासिंग बाय’मधली गायनाची ओळ दुप्पट वेगाने गिटारवर वाजवली की क्लॅप्टनच्या ‘लैला’ या गाण्याची सुरुवात होते. ती त्यात वाजवणाऱ्या ड्वेन ऑलमन या गिटारवाल्याची करामत.

याला चोरी म्हणायचं का? गीतकारांना नाव मिळालं, पण तार ओढण्याच्या लकबीला कॉपीराइट नसतो. आपल्याकडे शिष्य गुरूची एखादी खास हरकत गातो तेव्हा आदराने कान पकडतो. लंडनमधल्या पोरांनी फक्त तबकडीवर गुरू केला. एवढं खरं की त्यांच्यामुळे १९६८ मध्ये अल्बर्टला सॅन फ्रान्सिस्कोच्या फिल्मोर या सभागृहात गोरा, केस वाढवलेला श्रोता मिळाला. स्टीव्ही रे वॉन या अमेरिकन गिटारवाल्याने मात्र कान पकडला. १९८३ मध्ये इंग्लिश गायक डेव्हिड बोवीच्या ‘लेट्स डान्स’मध्ये त्याची गिटार वाजते ती सरळ अल्बर्टचीच भाषा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कॅनडाच्या हॅमिल्टनमध्ये अल्बर्ट आणि वॉन टीव्हीसाठी एकत्र वाजवायला बसले. ते ध्वनिमुद्रण १९९९ मध्ये बाजारात आलं, तोवर दोघेही गेले होते.

प्रश्न : अल्बर्ट हा प्रसिद्ध ब्लूज गिटारवादक बी. बी. किंगचा भाऊ ना? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : नाही. जन्मनाव अल्बर्ट नेल्सन. बी. बी. प्रसिद्ध झाल्यावर अल्बर्टने आपण त्याचे सावत्र भाऊ असल्याची गोष्ट खुशाल पसरवली. बी. बी.च्या गिटारीचं नाव ल्युसिल, तर याच्या ‘फ्लाइंग व्ही’ गिटारीचं ल्युसी!

प्रश्न : असा आवाज काढायला गिटारचा आवाज बदलणारा कोणता पेडल घ्यावा? बजेट दहा हजार. (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : घेऊ नका. दुसऱ्या तारेवर मध्यम धरा, पंचमापर्यंत ताणा आणि तिथेच धरून ठेवा. आधी तानपुरा ॲप लावा, म्हणजे पंचम कुठे आहे ते कळेल. पंधरा दिवस फक्त एवढंच. बोटाची कातडी निघेल, मग घट्ट होईल. दहा हजारांतले दोनशे रुपये काढून सुट्या पहिल्या-दुसऱ्या तारा आणून ठेवा. माझ्या पहिल्या महिन्यात सहा तुटल्या होत्या, त्यातली एक गालावर बसली.