फॉल्ट एका फीडरला, अंधार सगळ्या मिलला

प्रश्न : आमच्या जिनिंगला ६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे, मेनला १००० अँपिअरचा एसीबी (एअर सर्किट ब्रेकर). सीझनमध्ये एका फीडरची (मेनपासून फुटणाऱ्या एका लाइनची) केबल उंदरांनी कुरतडली. त्या फीडरचा २०० अँपिअरचा ब्रेकर, एमसीसीबी, जागेवरच राहिला आणि मेन पडला. टेस्ट रिपोर्टमध्ये दोन्ही ब्रेकर ‘ओके’ आहेत. (जिनिंगचालक, धरणगाव)

उत्तर : दोघे वेगवेगळे ओके आहेत, जोडीने कुणी तपासलेच नाहीत. ‘भाऊ, मेन पडी जास’ ही तक्रार कपाशीच्या सीझनमध्ये मी इतकी ऐकतो, की पॅनेलपाशी गेल्यावर आधी अर्थ फॉल्टचा (करंट अर्थला गेला तर ब्रेकर कितीला सुटायचा, त्याचा) डायल बघतो. बहुतेकदा तो सगळ्यात खाली असतो. ‘सेफ्टीसाठी कमी ठेवलाय’ म्हणतात.

उंदराने कुरतडलेली केबल बरेचदा आधी अर्थला लागते. समजा ८०० अँपिअर वाहिले. तुमचा एमसीसीबी थर्मल-मॅग्नेटिक (ओव्हरलोडला तापून, शॉर्टला चुंबकाने सुटणारा) असेल तर त्याला हा फक्त चौपट ओव्हरलोड वाटतो आणि तो कित्येक सेकंद तापत बसतो. एसीबीचा अर्थ फॉल्ट २०० अँपिअर, ०.१ सेकंदावर असेल तर तो केव्हाच सुटलेला असतो. इथे मेनचा वेळ थोडा वाढवून भागत नाही. फीडरलाच अर्थ फॉल्ट संरक्षण द्या आणि मेन त्याच्या मागे ठेवा.

फेजा एकमेकींना लागल्या तर हिशेब वेगळा. तुमचा फुल लोड साधारण ८४० अँपिअर. ट्रान्सफॉर्मरचा इम्पीडन्स (आतला अडथळा) ५ टक्के धरला तर ट्रान्सफॉर्मरच्या तोंडाशी जवळपास १७ हजार अँपिअर, लांब केबलच्या टोकाला बरेच कमी. ६००० धरू. एमसीसीबी दहा पटीला, म्हणजे २००० ला, लगेच सुटतो. पण एसीबीचा इन्स्टंटेनियस (न थांबता सुटायची सेटिंग) चार पटीवर असेल तर ४००० च्या पुढे तोही थांबत नाही. सोय असेल तर तो बंद करा, नसेल तर वर न्या आणि शॉर्ट टाइमला (थोडं थांबून सुटायच्या सेटिंगला) ०.२-०.३ सेकंद द्या. त्याआधी एसीबीच्या प्लेटवर आयसीडब्ल्यू वाचा: तेवढा वेळ तेवढा करंट ब्रेकरने आणि बसबारनेही सोसायला हवा. दोन्ही ब्रेकरचे कर्व्ह (किती करंटला किती वेळात सुटतो, त्या रेषा) एकाच लॉग-लॉग कागदावर काढून घ्या. जिथे ते एकमेकांना शिवतात, तिथे अंधार.

प्रश्न : एसीबीला सेकंडरी इंजेक्शन पुरेल का? प्रायमरीचा खर्च मालकाला पटत नाही. (इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर, जळगाव)

उत्तर : सेकंडरीत छोटा टेस्ट करंट देऊन रिलीजचं, म्हणजे ब्रेकरला सुटायचा हुकूम देणाऱ्या भागाचं, डोकं तपासलं जातं. सीटी (करंट मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर), त्याचं वायरिंग आणि संपूर्ण करंटचा रस्ता प्रायमरीतच, ब्रेकरमधून खरा मोठा करंट सोडल्यावर, कळतो. दरवर्षी सेकंडरी करा. नवं पॅनेल असेल किंवा सीटी, रिलीज बदलला असेल तर प्रायमरी टाळू नका.

टेस्टचं मशिन लावण्याआधी ब्रेकर हाताने चालू-बंद करून ‘मोकळा’ करायची सवय मात्र सोडा. वर्षभर रुईच्या धुळीत बसलेल्या ब्रेकरचं ग्रीस सुकलेलं असतं. पहिल्या ट्रिपला तो किती वेळ घेतो, तेच खरं रीडिंग. तिसऱ्या ट्रिपला सगळे शहाणे होतात.

एकेका फेजमधून करंट सोडताना रिलीजला तो अर्थ फॉल्ट वाटतो, म्हणून ते फंक्शन तेवढ्यापुरतं बंद करावं लागतं. एकदा ते परत चालू करायला मीच विसरलो. पारोळ्याजवळ बसमध्ये आठवलं. तिथेच उतरून उलटी बस पकडली. तेव्हापासून शेवटची सेटिंग मालकाला फोटो काढायला लावतो.

प्रश्न : घरात सी-१६ एमसीबीसोबत मेनची सी-३२ पण पडते. वायरमन म्हणतो, दोन वायरी टेकवून बघू. (भुसावळ)

उत्तर : त्याला चहा द्या आणि वायरी ठेवायला सांगा. सी-१६ लगेच सुटते ती ८० ते १६० अँपिअरच्या दरम्यान, सी-३२ ही १६० ते ३२० च्या. शॉर्टमध्ये ५०० वाहिले की दोघींनाही तोच हुकूम, आणि थांबायची सोय एकीलाही नाही. ओव्हरलोडला मात्र १६ आधी पडेल. शॉर्टसाठी कंपनीचा सिलेक्टिव्हिटी तक्ता बघा. तो लॅबमधल्या चाचण्यांवरून बनतो आणि सहसा त्याच कंपनीच्या जोड्यांना लागू असतो.

प्रश्न : केळी पिकवायच्या चेंबरना ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबी (करंटची गळती पकडून सुटणारे ब्रेकर) आहेत, मेनलाही तसलीच. एका चेंबरात ओल आली की सगळी बंद. (सावदा)

उत्तर : मेनची बदला: १०० मिलिअँपिअर, एस टाइप. नुसता आकडा वाढवून उपयोग नाही; मोठ्या गळतीला साधी १०० ची पण सोबतच पडेल. एस टाइप मुद्दाम थांबते, तिच्या ठरलेल्या करंटला किमान १३० मिलिसेकंद. मग चेंबरच्या सॉकेटला आरसीसीबी टेस्टर लावून १५० मिलिअँपिअर सोडा. खालची ४० मिलिसेकंदांत पडली आणि वरची उभी राहिली, तर जोडी जमली. ‘टी’ (टेस्ट) बटण दाबून हे कळत नाही; त्यातून एवढंच समजतं, की ती एकटी पडू शकते. आणि हे चेंबर रिकामे असताना करा, माल आत असताना नको.